सांधे आणि नाडी

आजच्या विषयाचे नाव ऐकून काहींच्या मनात शंका आली असेल. सांधे दुखतात ते बोटांचे, मनगटांचे, गुडघ्यांचे. नाडीचे नाते काळजाशी. मग एकाच्या दुखण्यात दुसऱ्याची चौकशी कशाला? ही शंका मलाही होती. ती फिटायला माझ्या आईचे दुखणे कारण झाले. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. डॉक्टर नाही की वैद्य नाही. परंतु एखादा जुनाट आजार तीस वर्षे घरात वस्तीला राहिला म्हणजे घरची माणसे डॉक्टरांना विचारू लागतात, पुस्तके चाळू लागतात आणि थोडीफार जाणती होतात. त्या जाणतेपणातले जे पक्के आहे तेवढेच आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

आमचे गाव गंगाखेड तालुक्यात, गोदाकाठच्या पट्ट्यात. १९९५ साली मी दहावीला होतो आणि आई चाळिशीत होती. त्या हिवाळ्यात तिच्या दोन्ही हातांची बोटे सकाळी उघडेनाशी झाली. भाकरी थापायला बसावे तर पीठ हाताखाली तसेच राही. "बोटं लाकडं झाली रे," एवढेच ती म्हणे. ऊन वर चढले की हात हळूहळू मोकळे होत, आणि मग घरातलेच कोणी म्हणे, "बघा, आता कशी कामाला लागली! सकाळीच कामून दुखतं हिचं?" बोलणाऱ्याला ती थट्टा वाटे, ऐकणारीला मात्र ती लागत असे. सकाळचा हा आखडलेपणा हीच त्या रोगाची मोठी खूण आहे, हे आम्हांला फार उशिरा कळले.

गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मस्थान. जनाबाईंचे नाव निघाले की पहाटेचे जाते डोळ्यांपुढे येते. वर्गात जात्यावरच्या ओव्या शिकवताना माझ्या मनात एक विचार नेहमी येतो. ज्या घटकेला घरातली सून जात्यावर बसत असे, नेमक्या त्याच घटकेला या रोगाच्या माणसाचे सांधे सर्वांत ताठ असतात. पुरुषांपेक्षा बायकांत हा रोग दुपटी-तिपटीने आढळतो. तेव्हा मागच्या काळात किती लेकीसुना केवळ या दुखण्यापायी आळशी आणि कामचुकार ठरल्या असतील, याचा हिशेब कोणाजवळ आहे?

श्रोतेहो, सांधे दुखणे हे एकच दुखणे नव्हे. आपण तीन वेगवेगळी दुखणी एकाच नावाच्या गाठोड्यात बांधतो. ती आधी सोडवून घेऊ.

पहिले दुखणे म्हणजे उतारवयातली सांध्यांची झीज. यात बहुधा गुडघे दुखतात, चालले की वाढतात आणि बसले की बरे वाटते. दुसरे दुखणे लहान मुलांचे. घसा धरतो, दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो आणि आज गुडघा, उद्या घोटा, परवा कोपर असे दुखणे फिरत राहते. त्याला संधिज्वर म्हणतात. तो सांध्यांतून निघून जातो, पण हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडवून जाऊ शकतो. म्हणून शिक्षक बंधुभगिनींनी एवढे लक्षात ठेवावे की, वर्गातले एखादे मूल घसा दुखून गेल्यावर लंगडू लागले तर 'खेळताना लागले असेल' म्हणून सोडून देऊ नये. वेळीच ओळखले तर ठराविक मुदतीने पेनिसिलिनची इंजेक्शने देऊन पुढचे नुकसान टाळता येते.

तिसरे दुखणे ते माझ्या आईचे. त्याला आपल्याकडे आमवात म्हणतात. डॉक्टर त्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. हाताची लहान बोटे, मनगटे, पायाचे चवडे दोन्ही बाजूंनी सारखे सुजतात, आणि सकाळचा ताठरपणा तास-तासभर हटत नाही. शरीराचे रक्षण करण्यासाठी आपल्या रक्तात एक फौजच असते. या रोगात त्या फौजेला आपले आणि परके ओळखू येईनासे होते आणि ती घरच्याच सांध्यांवर चालून जाते. पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावी १९९६ पासून डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन सांध्यांच्या आजारांची पाहणी केली. चार हजारांवर प्रौढ माणसे त्यांनी विचारली-तपासली. दर दोनशे प्रौढांमागे साधारण एकाला हा आमवात असल्याचे त्यांना आढळले. हे प्रमाण आपल्याकडे धरले तर दोन हजार प्रौढांच्या गावात असे आठ-दहा रुग्ण असायला हवेत. आपल्या गावात ते कोण आहेत, हे आपल्याला ठाऊक आहे काय?

आता मूळ शंकेकडे येतो. फौज बिथरली ती सांध्यांवर. हृदयाचा यात काय अपराध?

उत्तर सोपे आहे. ही फौज रक्तातून हिंडते, आणि रक्त सगळ्या देहात फिरते. सांध्यात पेटलेल्या दाहाची धग रक्तवाहिन्यांना लागते, हृदयाच्या स्नायूला लागते, हृदयावरच्या आवरणालाही लागते. आपल्या जुन्या वैद्यांच्या नजरेतून ही गोष्ट सुटलेली नव्हती. माधवकराने बाराशे वर्षांपूर्वी रचलेल्या 'माधवनिदान' या ग्रंथात आमवाताचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात विंचवाने नांगी मारावी तशी वेदना सांगितली आहे, आणि त्याबरोबरच छाती जड होणे आणि हृदय आवळल्यासारखे वाटणे हीही लक्षणे नोंदलेली आहेत. विंचवाची वेदना आपल्या शेतकऱ्याला वेगळी समजावून सांगायला नकोच. पण त्यापुढची हृदयाची ओळ आपण विसरलो.

अलीकडच्या संशोधनाने त्या ओळीला आकड्यांची जोड दिली. डेन्मार्क या छोट्या देशात सर्व नागरिकांच्या आजारांच्या नोंदी सरकारी दप्तरात असतात. तेथील संशोधकांनी चाळीस लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासून २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. आमवाताच्या रुग्णांत हृदयाची लय बिघडण्याचे प्रमाण इतरांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी आणि लकव्याचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी अधिक निघाले. आकडा ऐकून घाबरू नका. त्याचा साधा अर्थ असा की, वर्षभरात हजार माणसांत जिथे सहा जणांची लय बिघडते, तिथे आमवात असलेल्या हजारांत आठ जणांची बिघडते. बाकीच्यांचे त्या वर्षात काही बिघडत नाही. परंतु ते वाढीव दोन आपल्या घरातले असू नयेत, असे वाटत असेल तर नाडी पाहायला हवी.

लय बिघडते म्हणजे काय होते? शाळेतले लेझीम पथक आठवा. पुढे एक मुलगा शिटी वाजवतो आणि साठ मुले एका ठेक्यात पाऊल टाकतात. हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात असाच एक शिटीवाला बसलेला आहे. तो मिनिटाला साठ ते शंभर वेळा विजेची बारीकशी इशारत देतो आणि सारे हृदय तिच्या तालावर आकुंचन पावते. दिवसाकाठी असे एक लाखावर ठोके पडतात. आता समजा, पथकातल्या प्रत्येक मुलाने आपलीच शिटी आणली आणि ज्याने त्याने हवी तेव्हा वाजवली, तर काय होईल? लेझीम थांबेल आणि नुसता खडखडाट उरेल. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांत, ज्यांना शालेय पुस्तकात अलिंद म्हणतात, कधी कधी नेमके हेच घडते. ते नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात. डॉक्टर त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात.

या थरथरीचा खरा धोका पुढे आहे. जायकवाडीच्या कालव्याला पाणी सुटलेले असते तोवर ते वाहते आणि निवळ राहते. जिथे ते कोपऱ्यात साचते तिथे शेवाळ धरते. अलिंदात रक्त असेच रेंगाळले की त्याची गुठळी होते. ती गुठळी सुटून मेंदूकडे गेली की क्षणात तोंड वाकडे होते, हात लुळा पडतो, वाचा जाते. त्यालाच आपण लकवा मारला असे म्हणतो.

आता आईची हकीकत पुढे सांगतो, कारण तिच्यात आमच्या चुकाही आहेत. पहिली दोन वर्षे आम्ही आठवडी बाजारातल्या एका माणसाच्या पुड्यांवर काढली. पुडी घेतली की चार दिवसांत सूज उतरे. आम्ही त्याला देवमाणूस मानले. पुढे आईचा चेहरा गोल सुजला, कातडी पातळ झाली, साखर वाढली. डॉक्टरांनी पाहताच सांगितले की पुडीत स्टिरॉइड असणार. आपल्या जिल्ह्याविषयी 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' अशी एक जुनी म्हण आहे. आम्ही आजाराच्या बाबतीतही तीच रीत पाळली. आधी मांत्रिक, मग पुडीवाला, मग मालिशवाला. यातले काहीच बनले नाही तेव्हा परभणी गाठली. तोवर बोटे वाकडी झाली होती, आणि वाकलेली बोटे पुन्हा सरळ होत नसतात.

खरा औषधोपचार त्यानंतर सुरू झाला. या रोगावरचे मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. त्याच्या जन्माशी आपल्या देशाचे नाव जोडलेले आहे. आंध्रातील भीमावरम् येथे १८९५ साली जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेतील एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते. त्यांच्या हाताखाली ज्या जातीची औषधे तयार झाली त्यांतलेच हे एक. आधी ते कर्करोगावर वापरले गेले. आमवातासाठी त्याला अमेरिकेत १९८८ साली रीतसर मान्यता मिळाली. ही गोळी आठवड्यातून एकच दिवस घ्यावयाची असते. रोज घेतली तर ती विषासारखी बाधते आणि जीवही जाऊ शकतो. आईला वाचता येत नाही. म्हणून आम्ही ठरवले की बाजाराचा दिवस तो गोळीचा दिवस. तिने ही खूण कधी चुकवली नाही.

२०१६ च्या उन्हाळ्यात ती एकदा म्हणाली, "बापू, काळजात चिमणी फडफडल्यावानी होतंय." आम्ही म्हणालो, ऊन फार आहे, वय झाले, चालायचेच. पंधरा दिवस असेच गेले. मग प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब पाहताना तेथील सिस्टरने तिच्या मनगटावर बोटे ठेवली ती बराच वेळ उचलली नाहीत. घड्याळाकडे पाहत त्या म्हणाल्या, "आजी, तुमची नाडी एका चालीत नाही. आजच्या आज पट्टी काढून घ्या." परभणीला आणून ई.सी.जी. काढला आणि अलिंदाची ती थरथर कागदावर उमटली. डॉक्टरांनी ठोक्यांचा वेग आवरणारी आणि रक्त पातळ ठेवणारी अशा गोळ्या सुरू केल्या. अशा रुग्णांत रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाने लकव्याचा धोका सुमारे दोन-तृतीयांशाने कमी होतो. आई आज सत्तरीत आहे आणि अंगणात तुळशीला पाणी घालते.

माझ्या मावशीलाही हाच आमवात होता. तिला लकवा मारला आणि ती सव्वा वर्ष अंथरुणावर राहून गेली. तिच्या लकव्याचे कारण हेच होते असे मी म्हणणार नाही, कारण तिची नाडी कोणी पाहिलीच नव्हती. माझ्या मनाला टोचते ते हेच. पाहायला पैसा लागत नव्हता, यंत्र लागत नव्हते. तीन बोटे आणि एक घड्याळ एवढ्यावर काम भागले असते.

म्हणून ही नाडी कशी पाहावयाची ते आता सांगतो. रुग्णाला पाच मिनिटे स्वस्थ बसवा. चहा किंवा तंबाखू नुकतीच झालेली नसावी. तळहात वर करून अंगठ्याच्या बाजूला, मनगटाच्या घडीखाली आपली तीन बोटे ठेवा. अंगठ्याने पाहू नका, कारण अंगठ्याला स्वतःची नाडी असते. आमवाताच्या माणसाचे मनगट सुजलेले असते, तेव्हा हात हलका ठेवा, दाबू नका. पूर्ण एक मिनिट मोजा. किती ठोके पडले हे तर पाहाच. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते सारख्या अंतराने पडतात की नाही हे पाहा. एखादा ठोका क्वचित चुकतो, तो पुष्कळदा निरुपद्रवी असतो. तरुणांत श्वासाबरोबर वेग थोडा कमीजास्त होतो, तेही स्वाभाविक. परंतु दोन लवकर, एक उशिरा, मग तीन घाईघाईने, असा कसलाच मेळ लागत नसेल, किंवा स्वस्थ बसूनही ठोके शंभराच्या वर वा पन्नासाच्या खाली राहत असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन ई.सी.जी. काढून घ्या. लय कधी बिघडते, कधी आपोआप सुधारते. म्हणून एकदा पट्टी ठीक आली तरी त्रास पुन्हा होताच पुन्हा काढावी. घरात आमवाताचा रुग्ण असेल तर आठवड्यातून एकदा नाडी पाहून वहीत मांडून ठेवावी.

शिक्षकांना माझी खास विनंती आहे. आठवी-नववीच्या विज्ञानात हृदय शिकवता, त्या दिवशी मुलांना एकमेकांची नाडी मोजायला लावा आणि घरी जाऊन आजीची मोजून आणायला सांगा. प्रयोगवहीत एक आकडा वाढेल; कोणाच्या घरात एक जीवही वाचेल.

औषधांबाबत चार गोष्टी सांगणे जरूर आहे. आमवातावर हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन नावाची गोळी देतात. ही मुळात हिवतापावरच्या औषधांच्या कुळातली. २०२० साली करोनाच्या दिवसांत तिचे नाव घरोघर झाले. बहुतेकांना ती सोसते. परंतु काही थोड्यांत ती दोन ठोक्यांमधली विजेची विश्रांती लांबवते, आणि अझिथ्रोमायसिनसारखे काही प्रतिजैविक सोबत पडले तर लय बिघडण्याचा धोका वाढतो. तेव्हा ताप-खोकल्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर आमवाताची चिठ्ठी आधी दाखवा. मात्र हे ऐकून कोणी गोळी आपल्या मनाने बंद करू नये. आमवाताचा दाह मोकाट सुटला तर हृदयाला त्याचाच जाच अधिक होतो; दाह आटोक्यात ठेवणे हेच हृदयाचे पहिले रक्षण होय. दुसरी गोष्ट वेदनाशामक गोळ्यांची. दुकानातून आणून त्या महिनोन्‌महिने खाऊ नका. त्या हृदयाला व मूत्रपिंडाला बाधतात, आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाबरोबर घेतल्या तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. तिसरी गोष्ट झाडपाल्याची. कण्हेर आणि पिवळी बिट्टी या आपल्या कुंपणावरच्या झाडांत हृदयाची लय बिघडवणारे विष असते. कोणी कितीही सांगितले तरी त्यांचा काढा वा बी पोटात घेऊ नये. चौथी गोष्ट बिडी, तंबाखू आणि मिश्रीची. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत आमवात होण्याचा संभवही अधिक असतो, आणि हृदयाचा तर धूर हा उघड वैरी आहे. मिश्रीतही तंबाखूच असते, हे आयाबहिणींनी ध्यानात घ्यावे.

आणि काही वेळा वाट पाहायचीच नसते. धडधडीबरोबर छातीत दुखले, दम लागला, चक्कर येऊन माणूस पडला, किंवा तोंड वाकडे झाले, हात गळाला, बोलणे अडखळले, तर तेल चोळत बसू नका, देवऋषी शोधू नका. १०८ क्रमांकाला फोन करा. लकव्याची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. त्रास किती वाजता सुरू झाला ती वेळ लिहून ठेवा. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील.

श्रोतेहो, आमच्या घरी आता एक रिवाज पडला आहे. मी गावी गेलो की आधी आईच्या पाया पडतो आणि मग तिचा हात हातात घेऊन मिनिटभर गप्प बसतो. ती हसून विचारते, "चालतंय का रे काळीज नीट?" वाकड्या झालेल्या त्या बोटांचे आता काही करता येत नाही. पण मनगटावरचा ठोका मात्र वेळीच ओळखता आला. आपल्या घरात, शेजारात ज्या कोणाची बोटे सकाळी उघडत नसतील, त्यांचा हात आज संध्याकाळी एकदा हातात घ्या आणि घड्याळ पुढे ठेवा. एवढे आपण केलेत तर हे भाषण कारणी लागले असे मी समजेन.